शून्य कर कुणासाठी शून्य?

अमेरिकेत शिकायला गेलेली आणि तिथे नोकरीला लागलेली आपली मुलं-मुली आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. वस्तीतून, तालुक्याच्या गावातून, समाजकल्याणच्या वसतिगृहातून निघालेली ही पोरं डॅलस, सिएटल, सॅन होजे, न्यू जर्सीपर्यंत पोचली, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण नोकरी बदलायची, बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की त्यांच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं, "टेक्सासला चल, तिथे स्टेट टॅक्स शून्य आहे." मागोमाग तक्ते फिरू लागतात. कॅलिफोर्नियात एवढे कापतात, फ्लोरिडात काहीच नाही, मग मूर्खासारखं कॅलिफोर्नियात का राहायचं?

आमचा आक्षेप टेक्सासला जाण्यावर नाही. पोटासाठी कुणी कुठेही जावं. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्थलांतर शिकवायची गरज नाही, आपल्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडलं म्हणून आपण इथवर आलो. आमचा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीवर आहे. या हिशेबात "माझ्या पगारातून किती कापलं जातं" हा एकच रकाना आहे. "मी भरत नसेन, तर मग कोण भरतं" हा रकानाच नाही. आंबेडकरी माणसाच्या वहीत हा दुसरा रकाना नसेल, तर त्याच्या आणि प्रस्थापितांच्या वहीत फरक काय राहिला?

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत केंद्र सरकारचा आयकर सगळ्या राज्यांत सारखाच आहे. निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यासाठी होणारी कपातही सारखीच. फरक पडतो तो राज्य आणि स्थानिक संस्थांच्या करांत. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडा, वॉशिंग्टन अशी मोजकी राज्यं नोकरदाराच्या पगारावर आयकर घेत नाहीत. उलट कॅलिफोर्नियात आयकराचे टप्पे आहेत. एक टक्क्यापासून सुरुवात होते आणि दहा लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर दर १३.३ टक्क्यांपर्यंत जातो.

पण टेक्सासात रस्ते आहेत, पोलीस आहेत, शाळा आहेत, तुरुंग आहेत. हे सगळं हवेवर चालत नाही. पैसा येतो विक्रीकरातून आणि मालमत्ता करातून. राज्याचा विक्रीकर ६.२५ टक्के, त्यात स्थानिक संस्थांचा मिळून ८.२५ टक्क्यांपर्यंत. मालमत्ता कराचा बोजा तर देशातल्या जड बोजांपैकी एक. घर भाड्याचं असलं तरी सुटका नाही, घरमालक तो भाड्यातून वसूल करतोच.

आता विचार करा. महिन्याला दोन हजार डॉलर मिळवणारी हॉटेलातली सफाई कामगार आपली जवळजवळ सगळी कमाई भाड्यात आणि खरेदीत घालवते. महिन्याला दोन लाख मिळवणारा गुंतवणूकदार त्यातला छोटा हिस्सा खर्च करतो, बाकीचा गुंतवतो. विक्रीकर लागतो खर्चावर. मग कमाईच्या प्रमाणात जास्त कर कोण भरतं? उत्तरासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, किराणा दुकानाची पावती पुरते.

तरीही आकडे हवेत, तर तेही आहेत. वॉशिंग्टन शहरातली 'इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी' ही संस्था राज्यनिहाय करांचा अभ्यास करते. जानेवारी २०२४ च्या तिच्या अहवालानुसार टेक्सासातली सगळ्यांत गरीब वीस टक्के कुटुंबं आपल्या उत्पन्नाचा १२.८ टक्के हिस्सा राज्य व स्थानिक करांत देतात, आणि सगळ्यांत श्रीमंत एक टक्का देतो ४.६ टक्के. फ्लोरिडात गरीब देतात १३.२ आणि श्रीमंत २.७. आणि ज्या कॅलिफोर्नियाला 'कर लुटणारं राज्य' म्हणून नाव ठेवलं जातं, तिथे गरीब देतात ११.७ आणि श्रीमंत एक टक्का देतो १२.

हे आकडे पुन्हा वाचा. ज्याला 'शून्य कराचं राज्य' म्हणतात, तिथला गरीब माणूस 'जास्त कराच्या' राज्यातल्या गरिबापेक्षा अधिक भरतो. म्हणजे टेक्सासात कर कमी नाही. तिथे वरच्यांना सूट आहे, आणि त्या सुटीची किंमत खालचे मोजतात. 'शून्य' हा शब्दच मुळात वरून बघणाऱ्याचा आहे.

आपले इंजिनीअर मित्र म्हणतील, "आम्ही ना गरीब, ना श्रीमंत. आमचं सांगा." सांगतो. वर्षाला एक लाख वीस हजार डॉलर पगार असलेल्या अविवाहित माणसाला कॅलिफोर्नियात राज्याचा आयकर ढोबळमानाने सात हजार डॉलर बसतो. टेक्सासात तो वाचतो, हे खरं. पण तिथे चार लाख डॉलरचं घर घेतलं आणि दीड टक्क्याच्या आसपास मालमत्ता कर धरला, तर वर्षाला सहा हजार तिकडे गेले. नोकरी गेली म्हणून हा कर थांबत नाही. आयकराचं तसं नाही, कमाई थांबली की तो थांबतो. व्हिसाच्या टांगत्या तलवारीखाली जगणाऱ्याने तरी हा फरक ध्यानात घ्यायला हवा. हो, कॅलिफोर्नियात घराच्या किमती आभाळाला भिडल्या आहेत आणि अनेकांसाठी टेक्सासच परवडतं, हेही तितकंच खरं. मग तसं म्हणा. "घर स्वस्त म्हणून टेक्सास" हा प्रामाणिक हिशेब झाला. "कर शून्य म्हणून टेक्सास" ही जाहिरात आहे.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू पाहू. कर कुणाकडून घेतला हे पाहिलं, तो कुणावर खर्च होतो तेही पाहायला हवं.

टेक्सासातलं सॅन अँटोनियो शहर. त्यात एजवूड नावाचा शाळा-जिल्हा, वस्ती बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. त्याच शहरात अलामो हाइट्स, वस्ती गोऱ्या सुखवस्तूंची. शाळांचा मोठा आधार स्थानिक मालमत्ता करावर. १९६७-६८ साली एजवूडचे लोक शंभर डॉलर मालमत्तेमागे १.०५ डॉलर या दराने कर भरत होते. तो त्या महानगरातला सर्वांत जास्त दर होता. अलामो हाइट्सचा दर होता ८५ सेंट. पण एजवूडच्या घरांना किंमतच नव्हती. म्हणून एवढा जास्त दर देऊनही एका मुलामागे स्थानिक करातून जमत होते २६ डॉलर, आणि कमी दर देणाऱ्या अलामो हाइट्समध्ये जमत होते ३३३. राज्य आणि केंद्राची मदत मिळवूनही एजवूडच्या मुलावर ३५६ डॉलर खर्च होत, अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४.

गरीब जास्त दराने भरतो, आणि त्याच्याच मुलाच्या वाट्याला कमी येतं. डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक याविरुद्ध न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. शिक्षण हा अमेरिकेच्या संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमताने ठरवलं. विरोधात मत नोंदवणाऱ्यांत थर्गूड मार्शल होते. शाळांमधला वर्णभेद संपवणारा १९५४ चा ब्राउन खटला लढवणारे तेच मार्शल. पुढे १९८९ साली टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या संविधानाच्या आधारे ही पद्धत बेकायदा ठरवली आणि १९९३ पासून श्रीमंत जिल्ह्यांचा काही पैसा गरीब जिल्ह्यांकडे वळवणारा कायदा आला. तो काही वरून कृपा म्हणून आला नाही. एजवूडची पोरं १९६८ साली वर्गाबाहेर पडली, आईबाप न्यायालयात गेले, पंचवीस वर्षं लढाई चालली, तेव्हा कुठे आला.

घर बघताना आपला मित्र 'चांगला शाळा-जिल्हा' शोधतो तेव्हा तो नेमकं काय शोधतो, हे आता कळलं असेल. तो आपला अलामो हाइट्स शोधत असतो. शोधू दे, पोरांचं भलं कुणाला नको? पण आपण स्वतः एजवूडमधून आलो आहोत, एवढं विसरू नये. जिल्हा परिषदेच्या गळक्या शाळेचं नाव इंग्रजी नसतं, म्हणून तिचं दुःख वेगळं ठरत नाही.

करांना कुलूप लावण्याचा इतिहासही पाहा. मिसिसिपी राज्याने १८९० साली नवं संविधान केलं. कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणं हाच त्याचा उघड हेतू होता. मतदानासाठी दोन डॉलरचा मतकर आणि वाचन-आकलनाची चाचणी आली. त्याच संविधानात आणखी एक कलम घातलं गेलं. विधिमंडळात महसुलाचं कोणतंही विधेयक मंजूर व्हायला साधं बहुमत पुरणार नाही, तीन पंचमांश मतं लागतील. म्हणजे गुलामीतून सुटलेला माणूस उद्या कधी सत्तेत आलाच, तरी मळेवाल्यांवर कर लावून त्याला शाळा काढता येऊ नये. मतदानाचा हक्क पुढे १९६० च्या दशकातल्या लढ्यांनी परत मिळवला. तीन पंचमांशाचं कलम मात्र राहिलं. ज्या राज्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे आणि जे देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक आहे, त्याच मिसिसिपीने २०२५ साली आयकर टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला. किराणा मालावरचा विक्रीकर मात्र शून्यावर आला नाही. तो सातवरून पाच टक्क्यांवर आला.

म्हणून 'कमी कर' ही निव्वळ हिशेबाची गोष्ट आहे, असं आम्हाला कुणी सांगू नये. कर कुणावर लावायचा आणि कुणावर लावायचा नाही, हे ज्यांच्या हाती सत्ता असते ते ठरवतात. अमेरिकेत ते वर्णाने ठरवलं, आपल्याकडे जातीने. वेठबिगार हा करच होता, फक्त तो पैशात नव्हे, घामात वसूल होत होता, आणि तो भरणाऱ्याला 'करदाता' म्हणण्याची पद्धत नव्हती.

आता बाबासाहेबांकडे येऊ. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या आपल्या मुलांना कराच्या चर्चेत बाबासाहेब आठवत नाहीत, हे आम्हाला सर्वांत जास्त खटकतं. कारण सार्वजनिक अर्थकारण हाच तर त्यांचा अभ्यासविषय होता. फेब्रुवारी १९१३ मध्ये अमेरिकेत केंद्र सरकारला आयकर लावण्याचा अधिकार देणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथले त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन हे करशास्त्रातले त्या काळचे अग्रगण्य अभ्यासक आणि आयकराचे खंदे पुरस्कर्ते. कर माणसाच्या कुवतीप्रमाणे लागला पाहिजे, या विचाराची मांडणी त्यांनी आयुष्यभर केली. बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने आला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची. कोणता कर केंद्राने घ्यावा, कोणता प्रांताने घ्यावा, खर्चाची जबाबदारी कुणाची, हा त्या ग्रंथाचा विषय. आज आपण व्हॉट्सअॅपवर ज्याची चर्चा करतो, त्यावर बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरेट केली!

आणि हा अभ्यास त्यांनी कपाटात ठेवला नाही. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारच्या करपद्धतीवरच बोट ठेवलं. आयकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, पण शेतसारा मात्र तुकडाभर जमीन असलेल्या गरीब शेतकऱ्यालाही सुटत नाही, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. आज टेक्सासच्या विक्रीकराला लावायचा सवाल हाच आहे. बाबासाहेबांनी विचारलं, गरिबावर एवढा बोजा का? आपण विचारतो, माझ्यावर बोजा नाही ना, मग झालं!

आणखी एक गोष्ट. बाबासाहेब अमेरिकेला गेले ते कुणाच्या पैशाने? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने. महाराजांचं मोठेपण आम्ही कधीच नाकारणार नाही. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांनाच अर्पण केला. पण संस्थानाच्या तिजोरीत पैसा आला कुठून? बडोद्याच्या रयतेकडून. आज आपली मुलं ज्या भारत सरकार शिष्यवृत्तीवर महाविद्यालयात शिकली, ज्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर विमानात बसली, तो पैसाही रयतेचाच आहे. त्यात अंबानींचा आहे, तसाच साबणाच्या वडीवर आणि मोबाइलच्या रिचार्जवर कर भरणाऱ्या ऊसतोड बाईचाही आहे.

इथेच खरा मुद्दा आहे. आरक्षणावर बोलताना सवर्ण समाजमाध्यमांवर एक वाक्य रोज फेकलं जातं, "आमच्या टॅक्सच्या पैशावर हे शिकतात." जणू कर फक्त त्यांचेच बाप भरतात आणि आपले आईबाप फुकट खातात. हे वाक्य ऐकून आपलं रक्त उसळतं, आणि उसळायलाच हवं. मग डॅलसमध्ये बसून आपलाच माणूस जेव्हा म्हणतो, "माझ्या टॅक्सच्या पैशावर या आळशी लोकांना सरकार पोसतं," तेव्हा तो कोणाची भाषा बोलतो? तिथले 'आळशी' म्हणजे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कष्टकरी. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून आपण १९७२ साली दलित पँथर हे नाव घेतलं, तेच हे लोक. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्या डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या दुःखातलं साम्य बोलून दाखवलं, तेच हे लोक. जात देश बदलून टाकता येत नाही म्हणतात. पण पगार बदलला की जातीवाल्यांची भाषा मात्र चटकन उचलता येते!

यावर काही आक्षेप येतील. ते आम्ही टाळणार नाही.

पहिला आक्षेप, "कॅलिफोर्निया म्हणजे काय न्यायाचं राज्य आहे?" मुळीच नाही. १९७८ च्या सार्वमताने तिथे मालमत्ता कराला मर्यादा घातली. त्याचा फायदा जुन्या घरमालकांना झाला, आणि नव्याने येणारे व भाडेकरू भरडले गेले. जातिभेदाविरुद्धचं एस. बी. ४०३ हे विधेयक तिथल्या विधिमंडळाने मंजूर केलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल गॅविन न्यूसम यांनी ते नाकारलं. उलट अमेरिकेत जातिभेदावर बंदी घालणारं पहिलं शहर ठरलं सिएटल, फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि ते आहे पगारावर आयकर न घेणाऱ्या वॉशिंग्टन राज्यात. म्हणजे जास्त कर घेतला की आपोआप न्याय येतो, असं आम्ही म्हणतच नाही. न्याय संघर्षानेच येतो. पण मिळालेला कायदा राबवायला यंत्रणा लागते, तपास करणारा अधिकारी लागतो, गरिबाच्या बाजूने उभा राहणारा सरकारी वकील लागतो. त्यांचा पगार करातूनच जातो. २०२० साली एका बड्या तंत्रज्ञान कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला तो कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने. पीडित माणसाने वकिलांची फी स्वतः भरायची म्हटली असती, तर त्या दाव्याचं पहिलं पानही टाइप झालं नसतं.

दुसरा आक्षेप, "आम्ही परदेशी. मत नाही, आज आहोत उद्या नाही. आम्ही कशाला यात पडावं?" मत नसताना बोलू नये, हे आपल्याला कुणी शिकवलं? महाडच्या तळ्यावर गेलेल्या हजारोंपैकी किती जणांना तेव्हा मताचा अधिकार होता? आणि सिएटलच्या नगरपरिषदेत साक्ष द्यायला आलेल्या प्रत्येकाला तरी कुठे कुणी मतदार ओळखपत्र मागितलं?

तिसरा आक्षेप, "गावी आईवडील आहेत, बहिणीचं लग्न आहे, कर्ज आहे. चार पैसे वाचवायचे नाहीत का?" जरूर वाचवा. पहिल्या पिढीच्या कमावत्याच्या खांद्यावर अख्खं खानदान असतं, हे आम्ही जाणतो. ज्याला वारशात घर मिळालं त्याने काटकसरीवरून तुम्हाला शिकवण देऊ नये, आम्हीही देणार नाही. फक्त वाचलेल्या पैशाला कर्तृत्व म्हणू नका, आणि ज्यांच्या जिवावर तो वाचला त्यांना फुकटे म्हणू नका.

तेव्हा पुढच्या वेळी राज्याराज्यांच्या करांचा तक्ता समोर येईल, तेव्हा त्यात हे प्रश्न लिहा.

एक, तिथे आयकर नसेल तर पैसा कशातून येतो? मीठ-मिरचीतून, भाड्यातून, की नफ्यातून?

दोन, तिथल्या सगळ्यांत गरीब वीस टक्क्यांवर किती टक्के बोजा आहे, आणि वरच्या एका टक्क्यावर किती?

तीन, आजारी पडलेल्या गरिबाला तिथे काय मिळतं? २०१० च्या आरोग्य कायद्याने गरिबांच्या विम्याचा विस्तार करण्याची सोय दिली, खर्चाचा ९० टक्के भार केंद्र उचलतं, तरी टेक्सास आणि फ्लोरिडाने तो केलेला नाही. विमा नसलेल्यांचं प्रमाण टेक्सासात देशात सर्वाधिक आहे.

चार, तिथली किमान मजुरी किती? टेक्सासात अजून तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तिथेच थांबलेली.

पाच, जातिभेद झाला तर तक्रार कुठे करायची, आणि ती तक्रार हातात घेणारं कुणी आहे का?

ही पाचही उत्तरं पाहून तुम्ही टेक्सासला गेलात, तरी आमची हरकत नाही. तिथेही आपली माणसं हवीतच. शाळा-मंडळाच्या बैठकीला जा, एजवूडसारख्या वस्तीतल्या पालकांशी बोला, कामगारांच्या मागणीपत्रावर सही करा. आणि तो वाचलेला सात हजार डॉलर? त्यातला एक हिस्सा गावच्या वाचनालयाला, वसतिगृहातल्या पोरांच्या पुस्तकांना, कोर्टकज्जे लढणाऱ्या आपल्या वकिलांना पाठवा. 'पे बॅक टू सोसायटी' ही घोषणा १४ एप्रिलच्या केकवर लिहिण्यासाठी नाही. सरकारने जो घेतला नाही, तो कर आपण स्वतःहून समाजाला द्यायचा, असा तिचा साधा अर्थ आहे.

बाबासाहेबांनी अमेरिकेत करशास्त्र शिकलं ते स्वतःचा कर वाचवण्यासाठी नव्हे. त्यांच्या लेकरांनी अमेरिकेत जाऊन एवढंच शिकावं का?

जय भीम! जय संविधान!